मामांच्या गाडीचा नाजूक आवाज

...आणि वर लोक मलाच विचारतात, "अरे, हॉर्न बदलून का नाही टाकलास?" का बदलायचा? तुम्हाला सांगतो, आणि पूर्ण जबाबदारीने सांगतो, दोष हॉर्नचा नव्हताच!

मामांची गाडी माझ्या आईपेक्षा वयाने मोठी. बटण दाबलं की पुढचे दोन्ही हॉर्न मिळून असा आवाज काढायचे... कसा सांगू... सर्दी झालेल्या बदकाने शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून हळूच खोकावं, तसा! एरवी चाललं असतं हो, पण दुसऱ्या दिवशी सरकारी तपासणी, तीत नापास म्हणजे गाडी रस्त्यावरून बाद, आणि मामींनी तर जाहीरच करून टाकलेलं, "बाद झाली की भंगारात! गॅरेजमध्ये मी शिलाई मशीन मांडणार." मामा इतके हबकले, की बिनमिठाची आमटी मुकाट्याने प्याले!

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हे गेले. ट्रकचे बसवा, माणसं बाजूला काय, झाडावर चढतील!" मी म्हटलं, थांबा. आधी निदान, मग उपचार. हॉर्न काढला, थेट बॅटरीला जोडला, आणि काय वाजला म्हणता! मेकॅनिकचा चहा त्याच्याच शर्टावर! म्हणजे सिद्ध झालं ना? दोष हॉर्नचा नव्हताच! दोष रंगाचा. हॉर्नमधला करंट गाडीच्या पत्र्यातून परत जातो, आणि आमचे मामा दर सुट्टीला गाडी रंगवतात. पत्रा, पट्टी, नट, बोल्ट, जे हलत नाही त्याला ब्रश! करंट बिचारा जाणार कुठून? दोन्ही हॉर्न ज्या लोखंडी पट्टीने पत्र्याला बसवलेत, तिच्याखालचा रंग मी खरवडला, अगदी नखाएवढा, तर मामा पाठ फिरवून म्हणतात, "हळू रे... तिला लागतंय." पट्टी परत आवळली, बटण दाबलं, आणि दोन्ही हॉर्न खणखणीत!

दुसऱ्या दिवशी तपासनीस म्हणाले, "वाजवा." मी ऐटीत बटण दाबलं... बदक! तेच बदक! मी मामांकडे पाहिलं, मामा आभाळाकडे.

"मामा?"

"अरे, उघडा पत्रा बरा दिसतो का? सकाळी पट्टी काढून जरासा हात मारला... दोन्ही बाजूंनी."

तपासनीसांनी पेनचं टोपण काढलं! मी ओरडलो, "साहेब, एक मिनिट, दोष हॉर्नचा नाही!" आणि इस्त्रीच्या शर्टानिशी बॉनेटमध्ये शिरलो, पट्टी सोडवली, ओला रंग बाहीला पुसला, उरलेला घराच्या किल्लीने खरवडला, पान्याने बोल्ट आवळला आणि म्हटलं, "दाबा मामा!" मामांनी दाबलं... माझा कान हॉर्नपासून वीतभर! त्यानंतर तपासनीस काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण ओठ 'पास' असेच हलले, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

गाडी वाचली. परत येताना मामांनी काहीतरी विचारलं, म्हणजे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला ऐकू आलं, "पुढची तपासणी आता पाच वर्षांनी ना रे?"

"हो, मामा."

"मग तोवर रंग लावायला हरकत नाही."

मी म्हटलं, "लावा. फक्त पहिला हात नीट वाळू द्या, मगच दुसरा मारा."