जास्तीचं एक

धावजी : म्हंजे अजून सत्तेचाळीसच?

डॉक्टर : सत्तेचाळीसच, धावजीभाऊ. आपल्याला शेहेचाळीस गुणसूत्रं, तुमच्या सलोनीला जन्मापासून एक जास्तीचं. त्यालाच डाऊन सिंड्रोम म्हणतात.

धावजी : नाव माईत हाय मले, पोरगी बावीस वर्साची झाली. नीट मोजले ना? एखादं दुबार तं नाही मोजल्या गेलं?

डॉक्टर : नाही. त्या मूळपेशींच्या इंजेक्शनानं काही होणारच नव्हतं. जायच्या आधी मला विचारायचं तरी.

रुक्माबाई : बायकोले नाही पुसलं, तं तुमाले पुसतीन? गोऱ्हा घ्याले चार बजार फिरते हा मानूस, दात पाहते, खूर पाहते. अन् पोरीले सुई टोचाले एका व्हिडिओवर गेला!

धावजी : व्हिडिओ खोटा नव्हता. जपानवाल्यायनं जास्तीचं सूत्र काढलं का नाही, म्याडम?

डॉक्टर : काढलं. पण काचेच्या बशीतल्या पेशींतून. माणसातून अजून कुणीच नाही.

धावजी : मंग सलोनीले बशी समजा.

रुक्माबाई : घ्या!

धावजी : काहून? बीटी कापसाच्या सरकीत जीन घालता येते, मंग पोरीतून एक काढता काहून येत नाही?

डॉक्टर : सरकीत घालतात, भाऊ. शेतात उभ्या झालेल्या पराटीच्या झाडात घालता येतं का?

(धावजी दुपट्ट्यानं तोंड पुसतो.)

धावजी : नाही येत.

डॉक्टर : तिच्या अंगातल्या पेशीपेशीत ते आहे. पुढंमागं औषध निघेलही, पण...

धावजी : पण नव्या पेरनीले.

डॉक्टर : बहुतेक.

धावजी : मंग आमच्यामागं इचं कसं? इचा भाऊ तं आताच इचा फोन उचलत नाही. मले वाटलं, हे एक सूत्र जाते, तं आपूनबी सुखानं जाऊ.

डॉक्टर : पुन्हा ते इंजेक्शन नको. आणि तिची थायरॉईडची गोळी चुकवू नका.

रुक्माबाई : गोळीचं मी पाहतो. पन सुई टोचली त्या दिवशी तिनं मले पुसलं, 'आई, मले काय झालतं?'

धावजी : मले नाही सांगतलं तू. काय म्हनलं मंग?

रुक्माबाई : काय म्हननार? म्हनलं, ताप होता. तवापासून रोज सकाळी कपाळ घेऊन येते माह्यापुढं. 'पाह्य वं आई, उतरला का?'

डॉक्टर : मग?

रुक्माबाई : हात ठेवतो. म्हनतो, थोडासाक राह्यला.