थेंब वाळेपर्यंत शांत बसा!

...आणि वर सासरे मलाच विचारतात, "एवढं शिकून तुम्ही पाणी वाळताना बघता?" आता काय सांगणार! तुम्हाला सांगतो, सासऱ्यांना प्रयोगशाळेत आणायची आयडिया बायकोची. "बाबांना घरात करमत नाही, दाखव ना तुझं काम!" काम काय? थेंब! साधा पाण्याचा थेंब हो!

दोन काचा. एक गुळगुळीत, तिच्यावर थेंब पसरतो, पटकन वाळतो. दुसरीवर खांब कोरलेले, इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकडो मावतील, वर पाणी झटकणारा लेप. तिच्यावर थेंब मोत्यासारखा गोल, ऐटीत, वाळायचं नावच घेत नाही! तो पूर्ण वाळेपर्यंतचं चित्रण संध्याकाळी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना दाखवायचं, नाहीतर कॅमेरा दुसऱ्या गटाकडे जाणार.

आणि सासरे कोण? निवृत्त खेळशिक्षक! जन्म मैदानावर ओरडण्यात गेलेला. म्हटलं, "बाबा, जोरात श्वाससुद्धा नको." "बरं!" म्हणाले... त्या 'बरं'नेच थेंब गडगडत खाली! दुसरा ठेवला. शिंकले! तोही गेला. चिडणार तरी कशावरून? साधा पाण्याचा थेंब हो!

तिसऱ्याला मात्र तोंडावर रुमाल धरून कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसले. मला वाटलं, झोपले. तर एकदम माझं मनगट धरलं, "जावईबापू, कड सरकली! आता चिकटून बसलाय... दम खातोय... बघा, बघा, सरकला!" कुजबुजत हं, रुमालातून, पण धावतं वर्णन! मी महिनोन्‌महिने आकडेच बघत होतो, नुसता थेंब आत्ता पहिल्यांदा बघितला... अडखळतोय, सावरतोय, इवलासा होत चाललाय. खरं सांगतो, मीही पुटपुटायला लागलो, "टिक रे, टिक!" शेवटी ठिपका उरला... तोही गेला... आणि आम्ही दोघं उभे राहून ओरडलो! मिठी मारली हो मला त्यांनी! लग्नातसुद्धा नमस्कारावर भागवलं होतं! आणि कशासाठी? साधा पाण्याचा थेंब हो!

मॅडम धावत आल्या, "काय फुटलं?" म्हटलं, "फुटलं नाही, वाळला!" चित्रण बघून त्यांचा चेहरा असा खुलला... कॅमेरा राहिला आमच्याकडेच.

आता सासरे रोज येतात, अंधार पडेपर्यंत हलत नाहीत. सासूबाई रागावतील म्हणून मीच फोन करून माफी मागितली. तर त्यांनी काय म्हणावं? "अहो, घरात इतकी शांतता कित्येक वर्षांत नव्हती! तो थेंब... अजून जरा सावकाश वाळवता येईल का?"

काय करता... नवीन काच कोरायला घेतलीय!