फिजीनंतर नागपूर

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आमच्या गावचे सरपंच श्री. उकंडरावजी, मुख्याध्यापक श्री. उदयसिंगजी ठाकूर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या सहशिक्षिका केशरबाई तायडे, पुढच्या ओळीत बसलेल्या त्यांच्या मातोश्री चतुराबाई, आणि चिवडा येण्याची वाट पाहत असलेल्या बंधुभगिनींनो,

बाईंची बदली शिरपूरला झाली. भूगोलाच्या शिक्षिकेला आठ-दहा कोसांचा भूगोल काय जड? जड जाणार आहे ते आम्हांला. कसं, ते सांगतो.

चौऱ्याहत्तर सालचा ऑक्टोबर आठवा. 'आंतरराष्ट्रीय सद्भावना वाढवा' असं वरून परिपत्रक आलं. दुसऱ्या एखाद्या मुख्याध्यापकानं ते फायलीला लावलं असतं. आपले ठाकूर सर तसे नाहीत. त्यांनी ठरवलं, महिनाभर जगातल्या देशांचे राष्ट्रीय दिन शाळेत साजरे करायचे! तारखा शोधायच्या केशरबाईंनी, पुठ्ठ्यावर झेंडे रंगवायचे मी, आणि भाषण अर्थातच सरांचं.

एक तारखेला नायजेरिया झाला. चार तारखेला लेसोथो. हे नाव सरांनी तीन प्रकारे उच्चारलं आणि लेसोथोच्या रम्य समुद्रकिनाऱ्यावर अर्धा तास बोलले. नंतर केशरबाईंनी हळूच सांगितलं, "सर, त्याला समुद्र नाही." सर म्हणाले, "मग त्यांचं फार नुकसान झालं." नऊ तारखेला युगांडा. त्यांच्या झेंड्यावर करकोचा असतो. माझ्या हातून कोंबडा झाला. पण पोरांनी टाळ्या मात्र करकोच्याइतक्याच वाजवल्या. दहाला फिजी.

अकरा तारखेला केशरबाई म्हणाल्या, "सर, चौदा ऑक्टोबर घेऊ. छप्पन साली याच तारखेला नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. आपल्या शाळेतल्या कितीतरी लेकरांच्या घरचे होते तिथं."

सर गंभीर झाले. म्हणाले, "बाई, सध्या पितृपक्ष आहे."

"लेसोथोही पितृपक्षातच झालं, सर."

"तो जागतिक कार्यक्रम होता. हा तुमचा घरचा."

आता बाईंची शाळेतली भाषा सुटली आणि घरची आली. "युगांडानं दोन वर्सं झाले आपले मानसं हाकलले, त्याचा दिन केला. मंग नागपूरनं काय बिघडवलं? ते परदेशात नाही म्हून?"

सर म्हणाले, "केलंत तर जिल्ह्याच्या टोकाला बदली होईल." बाईंची नोकरी तेव्हा कच्ची होती. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी डबा न उघडताच त्या वर्गावर गेल्या, हे मी पाहिलं.

चौदा तारखेला प्रार्थना संपली आणि बाई आपल्या आईला घेऊन पोरांसमोर उभ्या राहिल्या. सरांनी शिपायाला सरपंचांकडे पिटाळलं. स्वतः कार्यक्रम मोडायला घंटेपाशी गेले.

चतुराबाईंनी सुरुवातच केली, "मी मालकाले म्हनलं, मले नागपूरले जायाचं हाये. मालक म्हने, 'कापूस फुटून राह्यला अन् तुले नागपूर सुचून राह्यलं? गेली तं वावरात पाय ठेवू नको.' मी गेली."

सरांनी घंटेची हातोडी उचलली. तेवढ्यात मधल्या रांगेतली हेमला ओरडली, "मंग गाडीत जागा भेटली काय?"

"कुठची वं माय! उभ्यानंच गेली. ही केशर कडेवर. रडू रडू साऱ्या डब्याचं डोकं उठवलं हिनं!"

पोरं हसली, बाई लाजल्या. हातोडी सरांच्या हातातच राहिली. त्यांनाही पुढचं ऐकायचं होतं, असा माझा समज आहे.

एवढ्यात फटफटीचा आवाज आला. अध्यक्ष महाराज, आपणच होतात. आपण फाटकातून आत आलात आणि पोरांनी विचारलं, "मंग मालकानं कामावर घेतलं का?"

चतुराबाईंनी आपल्याकडे पाहिलं. त्या ज्यांच्या वावरात राबत, ते मालक म्हणजे आपले वडील. पण त्या थांबल्या नाहीत. "आठवड्यानं मालकच दारात आला. म्हने, 'कापूस कोन येचील?' मी म्हनलं, येतो. पन आता 'ए चतुरे' चालनार नाही. चतुराबाई म्हना."

"मंग?"

"म्हनले. कापूस फुटला व्हता ना!"

शाळेत असा हशा पुन्हा झाला नाही. आपला चेहरा लाल झाला होता. आपण सरांना विचारलंत, "गुरुजी, मले कायले बोलावलं?"

सरांनी एकवार आपल्याकडे पाहिलं, एकवार पोरांकडे. म्हणाले, "प्रमुख पाहुणे म्हणून."

आणि आपल्याला बसावं लागलं! शेवटपर्यंत! मी घाईनं कोंबड्याचा पुठ्ठा आपल्याला वारा घालायला दिला. माझ्या कलेचा तेवढाच उपयोग झाला.

तेव्हापासून दरवर्षी चौदा ऑक्टोबर होतो. चोवीसचा संयुक्त राष्ट्र दिन होतो की नाही, हे संयुक्त राष्ट्रांनाच माहीत.

आता यंदा बाई नाहीत. मग? परवा ठाकूर सर स्वतः चतुराबाईंच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी सोबत होतो. सर म्हणाले, "चौदा तारखेला शाळेत यायचं आहे, चतुराबाई." त्या म्हणाल्या, "येईन. च्या मांडू काय, गुरुजी?"

मी सरांकडे पाहिलं. त्या वस्तीत सर कधी पाणीसुद्धा प्यायलेले नव्हते.  ते बाजेवर नीट बसले आणि म्हणाले, "साखर कमी."

केशरबाई, शिरपूरकरांना सांभाळून घ्या. अध्यक्षांनी हे सगळं तोंडावर ऐकून घेतलं, त्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाची पायरी ओलांडली गेली असेल, तर चित्रकलेच्या मास्तराची रेघ वाकडी गेली असं समजून पदरात घ्या. नमस्कार.