आधी देवापुढं

नांदुऱ्याच्या बसस्टँडवर अर्पिता मोताळ्याच्या गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकड्यावर एक म्हातारं जोडपं येऊन टेकलं, आणि तिचं पुस्तकातलं लक्ष उडालं ते उडालंच.

“अवं सोजरा, सरकारी नोकरायचे पगार आता मोबाईलवर टाकले म्हणते. आपल्या ऋत्विकचाबी असन.”

“कोणालेबी दिसते?”

“हाव, साऱ्या दुनियेले.”

“अवं माय! तुमचा पगार तं शेजारणीलेबी मालूम नव्हता.”

“मी तं पाकीट न उघडताच तुह्या हातात द्यायचो.”

“अन् मी देवापुढं ठेवायची. उदबत्ती लावली का मंगच उघडायची.”

“तोवर मी चहाबी मागत नव्हतो.”

“गूळ ठेवायची ना तुमच्या हातावर.”

“पगार बँकेत जाऊ लागला, अन् तो गूळबी गेला.”

“जाऊ द्या आता.”

“हे पाह्य, सापडलं आपल्या पोराचं नाव. दाबू?”

“थांबा! दाबू नका. आधी घरी चला.”

“काऊन?”

“देवापुढं ठेवू.”

“मोबाईल?”

“पोराचा पगार हाय ना त्यात?”