थेंब टाकल्यावर

गंगापूर रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बारावीतली एक मुलगी डोळे मिटून बसली होती. तपासणीसाठी तिच्या डोळ्यांत थेंब टाकले होते. गणिताचं पुस्तक तिच्या वडिलांच्या मांडीवर होतं.

“वाचा ना पप्पा. परवा पेपर आहे.”

“एक उभी लांब आकडी हाय.”

“इंटिग्रल. तिच्या खाली काय, वर काय?”

“खाली वजा एक, वर एक. मंग एक्स, त्याच्या डोक्यावर बारका पाच. मंग कॉस एक्स. शेवटी डीएक्स. पण तू लिहिणार कसं?”

“शून्य.”

“अगं, नीट विचार तर कर.”

“शून्यच. मागं उत्तर बघा.”

“शून्यच हाय! तू तर पेनबी धरला नाय.”

“मला दिसतं ना ते. उजवीकडं टेकडी, डावीकडं तेवढाच खड्डा. टेकडीची माती खड्ड्यात लोटली की जमीन सपाट.”

“कुठं दिसतं?”

“डोळे मिटा.”

“मिटले.”

“दिसलं?”

“मला आपलंच वावर दिसतंय.”

“चालतंय. तिथंच टेकडी करा.”

“हां... आन् हा इकडं खड्डा. वेदे, लय भारी हाय गं हे. तू रोज इथं येती का?”

“पुढचं वाचा ना.”

त्यांनी अडखळत पुढचं वाचलं. मिटल्या डोळ्यांनीच ती हवेत बोटानं एक वळणदार रेघ काढू लागली. तेवढ्यात नर्स आली.

“वेदिका, चला. डोळे उघडा.”

“थांबा सिस्टर,” वडील अगदी हळू म्हणाले. “तिला दिसतंय.”