काजळीचे मार्क

माझ्यापुढं काजळीचं नाव काढू नका राव. लातूरला आमचा क्लास भूकंपानंतर ठोकलेल्या पत्र्याच्या शेडात भरायचा. मार्कांवर बाक ठरायचा. कमी मार्कवाले शेवटी, जनरेटरच्या धुरात.

एकदा सर शिकवून राहिले होते, “डिझेलात ऑक्सिजनवालं इंधन मिसळलं की कार्बन नीट जळतो, काजळी कमी होते.”

शेवटच्या बाकावरून सलमा खोकत म्हणाली, “सर, मग आपल्या जनरेटरात बी टाका की!”

“ते परीक्षेला येत नाही. खाली बस.”

टेस्टला नेमका तोच प्रश्न आला. सलमाचं उत्तर शब्दन् शब्द बरोबर होतं. तरी सरांनी मार्क कापले.

म्हणाले, “पेपर बघ, किती काळा केलायस!”

मार्क कमी, म्हणून बाक पुन्हा तोच. जनरेटरपाशी.