रेंज येईपर्यंत

—हलू नका म्हटलं ना! मिठाच्या पोत्यांमागं दबून बसा, अन् ते फडकं कपाळावर घट्ट धरा, पोत्यावर रक्त नको, मीठ विकायचंय मला उद्या. उद्या! बघा, तोंडातनं कसा शब्द निघतो. फोन बंद केलात ना? मान काय हलवता, नीट बघा एकदा. —हां. आता मी बोलत राहणार, तुम्ही बोलायचं नाही. गिऱ्हाईक नसलं की बुरुंडीवाला साबणाच्या वड्यांशी भांडतो, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे — मी गप्प बसलो तरच बाहेरच्यांना संशय येईल.

तुमचा ड्रायव्हर? डोळ्यांनी विचारताय ते कळतंय मला. मेला. आधी बाहेर ओढला, दगडांनी ठेचला, मग परत गाडीत कोंबून गाडी पेटवली. फटीतनं धूर दिसतोय ना, तोच. आता रडू नका, रडण्याचा आवाज होतो.

अहो, पण कुठल्या शहाण्यानं सांगितलं होतं त्या टेकडीवर चढायला? उंचावर आहे, झाडं आहेत, टॉवरला झकास जागा — नकाशावर दिसली असेल! इंजिनिअरसाहेब, ह्या मुलखात झाडं राहिलीत ती फक्त मढ्यांच्या राईत, बाकी सगळी चुलीत गेली. कबरी खोदणाऱ्यांना विचारल्याशिवाय तिथं गावच्या प्रमुखबाईसुद्धा पाऊल टाकत नाहीत, अन् तुम्ही पाठीला लाल दिव्याचं यंत्र बांधून कबरींमधनं हिंडताय! रक्त शोषणारे आलेत, नळीनं माणसं कोरडी करतात, अशी आवई उठलेली — अन् तुमच्या पाठीवर वायरी लोंबकळतायत! मी परका, तरी मला कळतं. आधी प्रमुखबाईंच्या अंगणात जायचं, कोंबडी ठेवायची, जमिनीवर बसून टाळ्या वाजवायच्या, मग बोलायचं — काय? फोन करून परवानगी घेणार होतात? लागला नाही? लागेल कसा! सरकारच्या हुकमानं तुमच्याच कंपनीनं बंद केलाय ना!

हे मला राजधानीतल्या कुणीतरी एकदा समजावून सांगावं. अफवा पसरतात, म्हणून फोन बंद! वा रे धोरण! अफवेला काय टॉवर लागतो? ती विहिरीवर भेटते, सायकलच्या मागच्या सीटवर बसून येते, मक्याच्या पिठाचा नसिमा घोटणाऱ्या बाईच्या चुलीपाशी जाऊन बसते. बंद कोण पडलं? 'अरे, खोटं आहे ते' असं सांगणारं माणूस बंद पडलं! मागं ह्याच बाजारात एका औषध विकणाऱ्याला असंच धरलेलं. प्रमुखबाई जिल्ह्याच्या गावी गेलेल्या. कुणीतरी माणसाहून उंच वारुळावर चढून रेंज पकडली, फोन मोठ्या आवाजावर ठेवला, अन् बाई त्यातनं अशा कडाडल्या की एकेकाच्या हातातला दगड खाली पडला. आजही बाई जिल्ह्यालाच आहेत. नाही ती फक्त रेंज. आज दिवस मावळायच्या आत चालू करणार म्हणे, रेडिओ सांगत होता. तेवढा तग धरा.

तसा रेडिओवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्याकडे, बुरुंडीत, सकाळी रेडिओवर बातमी आली, अन् दिवेलागणीपर्यंत आमची आळी जळाली. माझ्या बापाला शेजाऱ्यानंच कापला — शेजारी, साहेब! माझ्या बहिणीच्या लग्नात त्याच्याबरोबर एकाच मडक्यातनं केळ्याची दारू प्यालेला. म्हणून मी शेजाऱ्याकडं पाठ करत नाही. इथली बायको केली, लेक इथं जन्मली, तरी मी बुरुंडीवालाच. तुमचा तो नवा कायदा आला, अंगठा द्या अन् सिम घ्या — गेलो, रांगेत उभा राहिलो, तर यंत्र माझं निर्वासिताचं कार्डच घेईना! मी आहे की नाही तेच त्याला कळेना! शेवटी समोरच्या काम्वेंडोनं आपला अंगठा दिला. सायकली दुरुस्त करतो. भला माणूस. माझं सिम त्याच्या नावावर चालतं. आत्ता बाहेर सगळ्यांच्या पुढं उभा आहे ना पहार घेऊन, तोच तो.

—कोण? काम्वेंडोदादा? छे छे, इथं कुठलं कोण! साबणाला शिव्या घालतोय, झिजतो फार! दार कशाला उघडू बाबा, गर्दीत माल तुडवाल माझा! —हसले. गेले वाटतं. नाही. थांबलेत.

हळू बोलतो, ऐका. मागच्या खोलीत बायको अन् लेक आहेत, मी बाहेरनं कडी घातलीय. अन् तुम्हाला आत घेतलं ते मी नव्हे. लेकीनं हात धरून ओढलं तुम्हाला, मी तर दार लावून घेत होतो — म्हणजे, लावलं असतं असं नाही, पण... जाऊ द्या. आभार मानायचे तर तिचे माना. मी भित्रा आहे. जिवंत राहिलोय तो भित्रा म्हणूनच.

—आली! रेंज आली, साहेब! थांबा, बाईंना लावतो — उचला बाई, उचला — व्यस्त. पुन्हा. व्यस्त! अरे, अख्खा जिल्हा एकदम फोनला चिकटला! पुन्हा लावतो, एकदा लागू दे, फक्त एकदा —

काय वाजतंय?

तुझा? बंद केला म्हणालास ना रे हलकटा! दाब, दाब ते — 'आई' लिहिलंय. बंद कर म्हटलं तर उचललास? मूर्खा, उचललास?

बाहेर सगळे गप्प झाले.

—काम्वेंडोदादा! आहे, इथंच आहे! मीच धरून ठेवलाय तुमच्यासाठी! पेटवू नका, आत लेकरू आहे माझं! दार तोडू नका, मी काढतो कडी!

ऊठ. माझ्याकडं बघू नकोस. लेक आतनं दार बडवतेय तिकडंही बघू नकोस. अन् तो फोन दे इकडं, बरोबर नेऊ नकोस, म्हातारी सगळं ऐकेल. मी सांगतो तिला काहीतरी. जा.